पाचोळा लॉनमध्येच जिरवायचा कसा

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा आला की आमच्याकडे, म्हणजे अमेरिकेत मिशिगनमधल्या डेट्रॉइटच्या पश्चिमेच्या उपनगरांत, शनिवारची सकाळ पानं उडवायच्या ब्लोअरच्या आवाजाने सुरू होते. दुपारपर्यंत घराघरांपुढे तपकिरी कागदी पिशव्यांच्या रांगा लागतात. घर घेतल्यावर पहिली सहा वर्षं मीही हेच केलं. दाताळ्याने पानं ओढायची, ३० गॅलनच्या पिशवीत पायाने दाबून भरायची, रस्त्याकडेला नेऊन ठेवायची. दोन मेपल आणि एक पिन ओक मिळून एका मोसमात तीस-पस्तीस पिशव्या सहज होत. मग एप्रिलमध्ये दुकानातून खताची पोती आणून त्याच लॉनवर टाकायची. झाडाने वर्षभर जमिनीतून ओढून घेतलेलं आपण ट्रकमध्ये भरून देतो आणि पुन्हा तेच विकत आणतो, हे ध्यानात यायला फार वेळ लागला.

खरं तर ते मला लहानपणापासून माहीत असायला हवं होतं. रत्नागिरीकडे आमची आजी रोज सकाळी पातेरा झाडायची, पण तो कधी वाडीबाहेर गेला नाही. सगळा नारळाच्या आळ्यात. उन्हाळ्यात त्या आळ्यात हात घातला तर वरचा पाला कोरडा आणि खालची माती गार, ओलसर लागायची. लॉनवर आजीसारखा अख्ख्या पानांचा थर देता येत नाही, कारण गवत त्याखाली गुदमरतं. पण पान बारीक केलं की तोच पातेरा गवतालाही चालतो. ते बारीक करायचं यंत्र, म्हणजे गवत कापायचा मोअर, तुमच्या गराजमध्ये आधीच उभं आहे.

या सगळ्या कामाची एकच कसोटी आहे आणि ती आधीच सांगतो: मोअर फिरवून झाल्यावर उभं राहून खाली पाहिलं तर गवत दिसलं पाहिजे. पानांचे तुकडे दिसले तरी चालतील, पण तुकड्यांपेक्षा गवत जास्त दिसायला हवं. खाली जे जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

गवताखाली काय होतं

मिशिगन, ओहायो, इलिनॉय, न्यूयॉर्क, न्यू जर्सी या पट्ट्यात बहुतेक लॉन केंटकी ब्लूग्रास, रायग्रास आणि फेस्क्यूचं असतं. ही थंडीतली गवतं. झाडं पानं टाकत असतात त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरात ही गवतं जोमात वाढतात, मुळं पसरवतात, हिवाळ्यासाठी साठा करतात. त्यांना या दिवसांत उजेड हवाच असतो. अख्खी मेपलची पानं पावसाने चिकटून बसली की तळहाताएवढी ओली झाकणं तयार होतात. खाली ना ऊन पोचत ना हवा. त्यावर बर्फ बसला की स्नो मोल्ड नावाची बुरशी धरते आणि एप्रिलमध्ये गोल, राखाडी, चिकटून बसलेले चट्टे दिसतात. पिन ओकखाली एका वर्षी मी पानं तशीच राहू दिली होती. त्या जागी पुढच्या सप्टेंबरात पुन्हा बी टाकावं लागलं.

तेच पान नखाएवढ्या तुकड्यांत कापलं की तुकडे गवताच्या पात्यांमधून घसरून मातीवर जाऊन पडतात. पात्यांना ऊन मिळत राहतं, आणि मातीला आच्छादन मिळतं. बुरशी, जिवाणू, गांडुळं त्यावर काम सुरू करतात. पान जितकं बारीक तितक्या कापलेल्या कडा जास्त, आणि कुजणं कडांपासून सुरू होतं.

मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या गवत-संशोधन विभागाने यावर बरीच वर्षं प्रयोग केले आहेत. त्यांचा निष्कर्ष असा की सहा इंचांपर्यंतचा पानांचा थर एका वेळी मोअरने बारीक करून लॉनमध्ये जिरवला तरी गवताचं नुकसान होत नाही. मेपलच्या पानांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट त्यांना दिसली: डँडेलायन हे पिवळ्या फुलांचं तण कमी झालं. गवताच्या दोन बुंध्यांमध्ये जी मोकळी माती राहते तिच्यावरच तणाचं बी रुजतं. पानांचे तुकडे नेमके त्या फटी बुजवतात. सहा इंच ही मर्यादा आहे, सल्ला नव्हे. घरगुती मोअरने सहा इंच बारीक करताना जीव मेटाकुटीला येतो. एक-दोन इंच साठले की फिरवावा, हा माझा सल्ला.

आणि रस्त्याकडेला ढीग लावण्याबद्दल. रस्त्यावर भिजणाऱ्या पानांतून, चहा उतरावा तसा, फॉस्फरस पाण्यात उतरतो आणि गटारावाटे सरळ नदीत, तलावात जातो. यूएसजीएस या सरकारी संस्थेने विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पानगळीच्या दिवसांत रस्त्यावरची पानं पावसाआधी उचलली तर पावसाच्या पाण्यातला फॉस्फरस ८४ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात आढळलं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये इथून जेमतेम तासाभरावरच्या टोलिडोत एरी सरोवरातल्या शेवाळामुळे नळाचं पाणी पिऊ नका असा आदेश निघाला होता. त्यात मोठा वाटा शेतीतल्या खतांचा होता, पण आपल्या दारातला वाटा आपल्या हातात आहे.

तुमच्याकडे कोणती पानं पडतात

मेपल सगळ्यात सोपा. पान पातळ, लवकर कुरकुरीत होतं, एका फेरीत चुरा होतो. बर्च, अ‍ॅश, लिंडन हीही तशीच. हनी लोकस्टची पानं इतकी बारीक असतात की ती कापायचीही गरज नाही, फक्त तिच्या लांब शेंगा उचला.

ओक जरा चिवट. पान चामड्यासारखं, कुजायला सावकाश, दोन-तीन फेऱ्या लागतात. पिन ओक तर नोव्हेंबर संपला तरी अर्धी पानं धरून बसतो, काही थेट वसंतात सोडतो. ओकच्या पानांनी जमीन आंबट होते ही समजूत आपल्या मंडळींतही घट्ट आहे. ताजं पान आम्लधर्मी असतं हे खरं, पण कुजताना ते आम्ल उरत नाही. आमच्या भागातल्या बऱ्याच जमिनी तर मुळातच अल्कधर्मी आहेत. या भीतीने ओकची पानं फेकू नका.

सिकामोरची पानं जेवणाच्या ताटाएवढी असतात. ती कोरडी असतानाच घ्या, ओली असली तर डेकला, म्हणजे ब्लेडवरच्या घुमटासारख्या झाकणाला, आतून लिंपून बसतात.

काळ्या अक्रोडाबद्दल मात्र सावध राहा, आणि ते आपल्यासाठी विशेष महत्त्वाचं आहे. या झाडात जुग्लोन नावाचं द्रव्य असतं. लॉनच्या गवताला ते बाधत नाही, त्यामुळे पानं लॉनमध्ये खुशाल जिरवा. पण टोमॅटो, वांगी, मिरच्या, बटाटे या एकाच कुळातल्या भाज्यांना ते सोसत नाही. बॅकयार्डात वांगी-मिरच्या लावणाऱ्या मराठी घरांनी अक्रोडाचा पाला त्या वाफ्यांत टाकू नये. शिवाय त्याची टणक गोल फळं मोअरखाली आली तर ब्लेडला आदळून गोळीसारखी सुटतात. ती आधी बादलीत वेचून घ्यावी.

पानांवर काळे डांबरासारखे ठिपके दिसले तर घाबरू नका. मेपलवर पडणारा तो टार स्पॉट. त्याचा गवताला त्रास नाही.

मोअरची तयारी

या कामात ऐंशी टक्के यश ब्लेडच्या धारेत आहे. उन्हाळाभर गवत कापून बोथट झालेलं ब्लेड पान कापत नाही, फाडतं आणि बाजूला ढकलतं. लोक म्हणतात, आमच्या मोअरला जमत नाही. ब्लेड काढून पाहिलं तर कड बोटासारखी गोल झालेली असते.

धार करण्याआधी, पेट्रोलचा मोअर असेल तर स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला वळवून ठेवा. बॅटरीचा असेल तर बॅटरी आणि किल्ली दोन्ही काढून घरात ठेवून या. ही पायरी कधीही गाळू नये. पेट्रोलचा मोअर आडवा करताना एअर फिल्टरची बाजू वर राहील असाच करा, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं आणि पुढच्या वेळी पांढरा धूर निघतो. डेक आणि ब्लेडच्या मध्ये लाकडाचा तुकडा अडकवून ब्लेड स्थिर करा, जाड हातमोजे घाला आणि मधला बोल्ट पान्याने सोडवा. सोडवण्याआधी ब्लेडचा फोटो काढून ठेवा. ब्लेड उलटं बसवणं ही फार होणारी चूक आहे. वर वळलेला पंख डेकच्या दिशेला, म्हणजे आत, असायला हवा.

शिकंज्यात धरून कानशीने मूळचाच कोन राखत, साधारण तीस अंशांवर, एकाच दिशेने घासा. दाढीच्या पात्यासारखी धार नको, ती लगेच मोडते. स्वयंपाकघरातल्या जुन्या सुरीइतकी पुरे. दोन्ही टोकांना सारखे हात मारा. मग भिंतीत खिळा ठोकून ब्लेड मधल्या भोकात अडकवा. एक बाजू खाली झुकली तर ती जड आहे, तिथे अजून थोडं घासा. वजन सारखं नसलं की मोअर थरथरतो आणि बेअरिंग जातं. धारेचं काम स्वतः करायचं नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात थोड्या पैशांत करून मिळतं. ऑगस्टमध्येच करून घ्या, ऑक्टोबरात गर्दी असते.

आता मल्चिंगची, म्हणजे पान डेकमध्येच चुरा करून खाली टाकण्याची गोष्ट. बहुतेक मोअरबरोबर प्लास्टिकचा एक प्लग येतो, जो मागचं किंवा बाजूचं तोंड बंद करतो. तो बसवला की कापलेलं पान बाहेर पडत नाही, डेकच्या घुमटात गोल फिरत पुन्हापुन्हा ब्लेडखाली येतं आणि चुरा होऊनच खाली बसतं. बरेच जण हा प्लग पहिल्याच दिवशी खोक्यात टाकून विसरतात. गराजमध्ये शोधा. मल्चिंगचं वेगळं ब्लेडही मिळतं. त्याला वळणदार पंख आणि काहींना मागच्या कडेला दाते असतात. ओकची झाडं असतील तर ते घेण्यासारखं आहे. मेपलपुरतं मोअरचं मूळ ब्लेड धारदार असेल तर भागतं. फक्त तुमच्या मोअरच्या मॉडेलला बसणारंच ब्लेड घ्या, लांबी अर्ध्या इंचानेही चुकून चालत नाही.

डेकची आतली बाजूही खरवडून घ्या. उन्हाळ्यातलं वाळलेलं गवत तिथे खपलीसारखं चिकटलेलं असतं. त्याने हवेची घुसळण कमी होते आणि पान वर उचललंच जात नाही.

कधी फिरवायचा

दर आठवड्याला. एवढं एक पाळलं तरी पुरे.

सगळी पानं पडू द्यावी आणि मग एकदाच काम उरकावं हा विचार सोयीचा वाटतो, पण तो फसतो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थर आठ इंचांवर जातो, खालची पानं ओली होऊन चिकटतात, दिवस लहान झालेला असतो, आणि ऑफिसातून येईपर्यंत अंधार. मी ऑक्टोबरच्या मध्यापासून थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारपर्यंत, दर शनिवारी दुपारी फिरवतो. सकाळी दव असतं, दोन वाजेपर्यंत पानं वाळतात. प्रत्येक वेळी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. पिशव्या भरण्यात यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जायचा.

ओलावा कसा ओळखायचा? मूठभर पानं उचलून चुरगाळा. कुरकुरली आणि तुकडे झाले तर उत्तम. वाकली पण तुटली नाहीत तर चालेल, एक फेरी जास्त लागेल. बोटांना चिकटली तर मोअर परत आत. अगदी कडकडीत वाळलेली असली तर धूळ फार उडते, तेव्हा किंचित दमट परवडलं.

प्रत्यक्ष काम

आधी हातात बादली घेऊन लॉनवर एक चक्कर मारा. काटक्या, दगड, पाइनचे कोन, अक्रोडाची फळं, मुलांची खेळणी, कुत्र्याचा चेंडू. पानांखाली काय दडलंय ते दिसत नाही, म्हणून पाय घासत चाला. लहान मुलांना आणि कुत्र्याला घरात पाठवा. डोळ्यांना गॉगल, कानांना मफ, पायांत बंद बूट. दम्याचा किंवा अ‍ॅलर्जीचा त्रास असेल तर एन-९५ मास्क लावा. बारीक झालेल्या पानाची धूळ आणि बुरशीचे कण नाकात जातात, आणि रात्री खोकला येतो.

पहिल्या फेरीला उंची सगळ्यात वरच्या खाचेवर ठेवा, साधारण चार इंच. ब्लेडला जागा मिळते आणि ढीग पुढच्या कडेशी अडत नाही. दुसऱ्या फेरीला तीन ते साडेतीन इंच. मोसमाची शेवटची फेरी सोडली तर गवत याहून खाली आणू नका. उंच गवतामध्येच तुकडे मावतात, आखूड कापलेल्या लॉनवर तेच तुकडे वर तरंगत राहतात.

इंजिन पूर्ण वेगात, पाय सावकाश. गवत कापताना चालता त्याच्या निम्म्या वेगाने चाला. सेल्फ-प्रोपेल्ड मोअर असेल तर चाकांचा वेग कमी करा. आवाज ऐकत राहा. इंजिनाचा सूर खाली गेला, घुसमटल्यासारखा झाला, की हँडल दाबून पुढची चाकं जरा उचला, मोअरला श्वास घेऊ द्या, मग पुढे जा. थर जाड असेल तिथे अर्ध्याच रुंदीने कापत जा, म्हणजे निम्मा मोअर आधी कापलेल्या पट्ट्यावर राहील.

दुसरी फेरी पहिलीला काटकोनात मारा. एकाच दिशेने गेलं तर चाकांखाली दबलेली पानं तशीच राहतात. आता थांबा आणि खाली बघा. तुकडे अंगठ्याच्या नखाएवढे झालेत का? गवत दिसतंय का? नसेल तर तिसरी फेरी. मेपलला दोन पुरतात, ओकला तीन, क्वचित चार.

प्लग नसलेला, बाजूने टाकणारा जुना मोअर असेल तरी काम होतं. इथल्या मोअरचं तोंड उजवीकडे असतं. कडेपासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आत येत जा, म्हणजे चुरा प्रत्येक वेळी आतल्या न कापलेल्या पानांवर पडेल आणि पुढच्या चकरेत पुन्हा कापला जाईल. मध्यावर पोचलात की तिथे जाड ढिगारा झालेला दिसेल. मग दिशा उलटी करून तो बाहेर पसरवत जा.

डेक तुंबला तर मोअर पूर्ण बंद करा, ब्लेड थांबेपर्यंत थांबा, वायर किंवा बॅटरी काढा, आणि मगच काठीने मोकळा करा. हात घालायचा नाही. इंजिन बंद आहे म्हणून ब्लेड सुरक्षित आहे असं नसतं. चिखलाच्या गोळ्यात अडकलेलं ब्लेड गोळा सुटताच उसळी घेतं. मफलरभोवती, म्हणजे इंजिनाचा धूर जिथून बाहेर पडतो त्या डब्याभोवती, कोरडी पानं साचतात, तीही दर दहा-पंधरा मिनिटांनी झटकून टाका. तापलेल्या मफलरवर कोरडा पाचोळा पेट घेऊ शकतो. काम झाल्यावर लगेच पेट्रोल भरू नका, इंजिन गार होऊ द्या.

बॅटरीवाल्यांसाठी एक सूचना. पानं कापताना बॅटरी गवतापेक्षा कितीतरी लवकर उतरते. लॉन दोन भागांत वाटून घ्या, पुढचं शनिवारी, मागचं रविवारी.

गवत दिसतच नसेल तर

कधीकधी झाड एका वाऱ्यात सगळं सोडतं. तीन फेऱ्यांनंतरही जमीन तपकिरीच दिसते. अशा वेळी हट्ट करू नका. मोअरला मागची पिशवी लावा आणि एक फेरी मारून वरचा थर उचला. हा चुरा म्हणजे सोनं. अख्ख्या पानांच्या आठ-दहा पिशव्यांचा चुरा एका पिशवीत मावतो. झुडपांच्या बुंध्याशी दोन-तीन इंच पसरा, खोडाला मात्र चिकटू देऊ नका. भाजीच्या रिकाम्या वाफ्यांवर चार इंच घाला, मे महिन्यात मेथी-कोथिंबीर लावायच्या वेळेपर्यंत खालची माती भुसभुशीत झालेली असते. उरलेला जाळीच्या पिंजऱ्यात भरून ठेवा. वर्ष-दीड वर्षात काळसर, जंगलातल्या मातीचा वास येणारं लीफ मोल्ड तयार होतं. कुंडीतल्या कढीपत्त्याच्या मातीत मी तेच मिसळतो.

पाने पिशव्यांत भरून कचऱ्यात टाकायची सोय मिशिगनमध्ये तशीही नाही, १९९५ पासून बागेचा कचरा लँडफिलमध्ये टाकायला बंदी आहे. सिटी तो वेगळा उचलते आणि कंपोस्ट करते.

नायट्रोजनचा हिशोब

वाळक्या पानांत कार्बन भरपूर आणि नायट्रोजन थोडा. ती कुजवताना सूक्ष्मजीव मातीतला नायट्रोजन काही काळ स्वतःकडे घेतात. दरवर्षी पानं जिरवली की हा नायट्रोजन हळूहळू परत मिळतो, पण पहिली एक-दोन वर्षं गवत किंचित फिकट वाटू शकतं. त्यावर उपाय सोपा आहे. सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर या काळात, गवत वाढत असतानाच, एकदा खत द्या. हजार चौरस फुटांना एक पाउंडपर्यंत नायट्रोजन पुरे. पिशवीवर २४-०-६ असं लिहिलं असेल तर त्यात २४ टक्के नायट्रोजन आहे, म्हणजे एक पाउंड नायट्रोजनसाठी सुमारे सव्वाचार पाउंड खत लागेल. मधला आकडा फॉस्फरसचा. मिशिगनमध्ये २०१२ पासून लॉनवर फॉस्फरसयुक्त खत टाकण्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे तो शून्यच असावा. न्यू जर्सीत घरमालकांना १५ नोव्हेंबर ते १ मार्चपर्यंत लॉनला खत देता येत नाही, तिकडच्या मंडळींनी तारीख सांभाळावी. गोठलेल्या जमिनीवर खत कुठेच टाकू नये, ते सगळं वाहून जातं.

कुठे मोअर नेऊ नये

सप्टेंबरात नवीन बी टाकलं असेल तर त्या जागेवर पानं साठू देऊ नका आणि तिथे मोअरही नेऊ नका. कोवळी मुळं उपटून येतात. ब्लोअर मंद ठेवून पानं बाजूला सारा. नवं गवत साडेतीन इंच झालं आणि दोनदा साधं कापून झालं की मग हरकत नाही.

दुसरी जागा म्हणजे कुंपणाकडेची, झुडपांखालची. तिथली पानं अख्खीच राहू द्या. काजव्यांच्या अळ्या, सुरवंट, भुंग्यांच्या राण्या हिवाळा त्या पानांखाली किंवा लगतच्या मातीत काढतात. जूनच्या संध्याकाळी मागच्या अंगणात काजवे चमकताना पाहून मुलांना आपण कोकणातल्या मृगाच्या काजव्यांच्या गोष्टी सांगतो. ते काजवे या कडेच्या पाचोळ्यातूनच येतात. मी लॉनच्या मागच्या बाजूला सहा फुटांचा पट्टा गेली काही वर्षं असाच सोडतो, आणि काजवे वाढलेले मला दिसतात. मात्र टिक्स, म्हणजे गोचिडीही अशाच पाचोळ्यात राहतात, तेव्हा हा पट्टा मुलांच्या झोपाळ्यापासून लांब ठेवा.

टेक्सासकडच्या वाचकांसाठी वेगळं कॅलेंडर. तिकडचा लाइव्ह ओक वसंताच्या तोंडावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानं टाकतो, आणि बर्म्युडा गवत तेव्हा झोपेतून उठत असतं. पद्धत हीच, फक्त त्या दिवसांत थर अजिबात साठू देऊ नका.

शेवटची फेरी आणि नंतर

थँक्सगिव्हिंगच्या आसपास शेवटची फेरी मारताना उंची अडीच ते तीन इंचांवर आणा. फार लांब गवत बर्फाखाली आडवं पडतं आणि स्नो मोल्डला आमंत्रण मिळतं. त्यानंतर पिन ओक जे काही सोडेल ते विरळ असतं, तेवढ्याची चिंता नको. मोअर स्वच्छ करा, डेक पुन्हा खरवडा. पेट्रोलच्या टाकीत फ्युएल स्टॅबिलायझर घालून इंजिन पाच मिनिटं चालवा म्हणजे ते कार्बुरेटरपर्यंत पोचेल. बॅटरी असेल तर ती गराजच्या थंडीत न ठेवता घरात आणा.

बर्फ वितळल्यावर, एप्रिलच्या सुरुवातीला, लॉनवर गुडघे टेकून जवळून पाहा. ऑक्टोबरात घातलेल्या तुकड्यांपैकी मेपलचे फारसे सापडणार नाहीत, ओकचे काही असतील, पातळ आणि जाळीदार झालेले. मातीत पेन्सिल जाईल एवढी भोकं दिसतील आणि त्यांच्या तोंडाशी पानांचे देठ उभे खोचल्यासारखे. नाइटक्रॉलर नावाची मोठी गांडुळं रात्री वर येऊन पानं बिळात ओढतात, आणि देठ तेवढा बाहेर राहतो. ही गांडुळं इथली नव्हेत, युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांबरोबर आली, पण लॉनमध्ये काम चोख करतात. दाताळ्याने ते देठ ओढून काढू नका, लॉन फक्त हलक्या हाताने विंचरा, बर्फाने चिकटवलेली पाती सुटी होतील एवढंच. पहिली कापणी गवत चार इंचांवर गेल्यावर करा, आणि त्याआधी ब्लेडला पुन्हा धार लावून घ्या.